सेलिनावर एकटा

एप्रिलमध्ये माझा थोरला भाऊ डेन्झिल डॉक्टरकडून थेट आमच्या घरी आला आणि स्वयंपाकघरात उभा राहूनच म्हणाला, की उजवा खांदा कायमचा गेला. हात छातीच्या वर जाणार नाही आणि ओढायचं काम तर विसरायचंच. एवढं सांगताना तो डाव्या हाताने टोपी काढायचा प्रयत्न करत होता. ते त्याला अजून जमत नव्हतं.

"मग आता?" माझ्या बायकोने, लव्हडेने विचारलं.

"मग आता काय? सेलिना विकायची."

सेलिना म्हणजे आमची होडी. बावीस फुटी, एका डोलकाठीची. मोठं शीड एक आणि पुढे एक लहान. वडिलांनी ती आम्हा दोघा भावांच्या नावावर केली होती, आणि चौतीस हिवाळे आम्ही तिच्यावरून फाल नदीच्या खाडीत कालवं, म्हणजे खायचे शिंपले, काढली. आमच्या कालवांच्या पट्ट्यांवर इंजिनाला बंदी आहे. कालवं काढायची तर शिडावर नाहीतर वल्ह्यावर, असा जुना नियम आहे, आणि म्हणूनच आमच्याकडे अजून कालवं आहेत. ऑक्टोबर ते मार्च, सकाळी नऊ ते दुपारी तीन. वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचं, शिडं ढिली सोडायची, लोखंडी चौकटीची जाळी तळाला टाकायची आणि होडी आडवी वाहू द्यायची. ती हळूहळू सरकते आणि जाळी तळ खरवडत मागून येतात. मग जाळी ओढायची, फळीवर ओतायची, कालवं निवडायची, रिकामे शिंपले तिथल्या तिथे परत पाण्यात टाकायचे, कारण पुढच्या वर्षीची पिल्लं त्यांनाच चिकटतात. की परत वर जायचं. दिवसातून वीस वेळा.

यात डेन्झिल पुढे असायचा, शिडांपाशी. मी मागे सुकाणूवर. जाळी दोघांची एकेक.

"विकायची कुणाला?" मी विचारलं, पण मला माहीत होतं. वरच्या मुलखातला एक दातांचा डॉक्टर दोन उन्हाळे तिच्याभोवती घुटमळत होता. त्याला तिच्यात इंजिन बसवायचं होतं आणि मधोमध झोपायची खोली बांधायची होती.

"त्यालाच."

"मी एकटा चालवीन तिला."

डेन्झिल हसला. त्याचं हसू मोठं असतं, खिडकीतली कपबशी वाजते. "एकटा! तू! तुला पोहता येत नाही, हेडली."

"तुला तरी कुठे येतं?"

"म्हणून तर आपण दोघं होतो ना!"

 अकरा वर्षांपूर्वी जानेवारीत मी जाळ्याबरोबर होडीच्या काठावरून पाण्यात गेलो होतो, आणि डेन्झिलने कॉलरला धरून मला वर घेतलं होतं, उजव्या हाताने. तो खांदा तेव्हापासूनच दुखत असावा. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण मला हिशेब कळतो.

लव्हडेने चहा ओतला. "भांडायचं असेल तर बसून भांडा," ती म्हणाली. "उभ्याने भांडलात की माझी फरशी झिजते."

बसून भांडलो. शेवटी डेन्झिलने एक अट घातली. एक ऑक्टोबरला, हंगामाच्या पहिल्या दिवशी, तो सेलिनावर येईल आणि हात खिशात घालून बसेल. मी नऊ ते तीन काम करायचं, मापाच्या कालवांची दोन पोती भरायची आणि होडी पाण्यावर तरंगणाऱ्या आमच्या बोयाला नेऊन बांधायची. सगळं एकट्याने.

"माझा हात कामासाठी खिशातून एकदा जरी बाहेर आला," तो म्हणाला, "किंवा तू मला एका शब्दाने जरी मदत मागितलीस, तर सेलिना दातवाल्याची."

"आणि तसं झालं नाही तर?"

"तर तुझं तू बघ. मी परत विषय काढणार नाही."

मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो आणि माझे दोन्ही खांदे शाबूत होते. मी हो म्हणालो. मला तेव्हा काळजी वाटली नाही, हेही सांगून टाकतो. होडी मला माहीत होती. पाणी मला माहीत होतं. डेन्झिलच्या दोन हातांच्या जागी दोऱ्या आणि कप्प्या लावायच्या, एवढंच काम होतं.

मे महिना त्यातच गेला. डोलकाठीपाशी उभं राहून ज्या दोऱ्या डेन्झिल ओढायचा, त्या सगळ्या मी डोलकाठीच्या बुंध्याशी कप्प्यांतून वळवून मागे, सुकाणूजवळ आणल्या. शीड चढवायची दोरी, शिडाच्या माथ्याची तिरकी काठी उचलायची दोरी, पुढचं शीड चढवायची, उतरवायची, एका बाजूला ताणायची, दुसऱ्या बाजूला ताणायची, मोठं शीड आत ओढायची. सात झाल्या. सातही मी एका आडव्या पट्टीवर ओळीने बांधल्या. दिसायला फार छान दिसत होतं.

जूनमध्ये पहिल्यांदा बाहेर काढली. मायलरच्या धक्क्यासमोर वळताना वारा वाढला, म्हणून पुढचं शीड उतरवायला मी दोरी सोडली. खाली आलं ते मोठं शीड, काठीसकट, आणि ते माझ्या अंगावर आलं. मी कापडाखाली चाचपडत असताना बाजूने एक होडी गेली आणि आवाज आला, "काय हेडली, तंबू ठोकलास? चहा ठेव, आलोच मी!"

तो जॅका होता. जॅका माझ्याएवढाच आहे, शाळेत माझ्या शेजारी बसायचा आणि तेव्हाही असाच होता.

"साखर घेऊन ये," मी कापडाखालून ओरडलो. दुसरं काय करणार?

संध्याकाळी लव्हडे धक्क्यावर आली, होडीत उतरली आणि त्या सात दोऱ्यांकडे बघत राहिली. "हे कुणी लावलं?"

"मी."

"माझ्या स्वयंपाकघरात चमचे, सुऱ्या, झारे सगळं एका खिळ्यावर लटकवलं असतं, तर तू जेवला असतास का?"

"मग कसं लावू?"

"मी मीठ बघून घेत नाही, हेडली. हात जातो तिथे मीठ असतं. तुझा हात कुठे जातो ते बघ आणि तिथे दोरी लाव."

म्हणून पुढचे दोन आठवडे मी होडी बांधलेल्या जागीच बसून नुसतं नाटक केलं. डोळे मिटून सुकाणू धरायचं, मनात वारा वाढवायचा आणि हात कुठे जातो ते पाहायचं. हात जिथे गेला तिथे खडूची रेघ. पुढचं शीड उतरवायची दोरी माझ्या डाव्या गुडघ्याशी आली, कारण घाईत हात तिथेच गेला. मोठ्या शिडाची उजव्या कुशीला. चढवायच्या दोऱ्या दिवसातून एकदाच लागतात, त्या लांब, डोलकाठीकडे सरकवल्या. प्रत्येक दोरीच्या टोकाला गाठी मारल्या, कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला तीन, म्हणजे ओल्या हातालाही न बघता कळावं. खुंट्यांना वेढे घालणं बंद केलं. बीच झाडाच्या लाकडाचे दात कोरले, दोरी त्यात दाबली की धरते आणि वर झटकली की सुटते.

मग सुकाणू. जाळं ओढायला दोन्ही हात लागतात, तेव्हा दांडा कोण धरणार? मी होडीच्या मागच्या आडव्या फळीवर लाकडी कंगवा बसवला, खुंट्यांचा, दोन-दोन बोटांवर एकेक. दांडा ज्या खुंट्यांत अडकवावा तिथे राहतो. मोठ्या शिडाखाली दोन्ही बाजूंनी दोऱ्यांची झोळी बांधली, म्हणजे ते खाली आलं की झोळीत पडेल, माझ्या डोक्यावर नाही. ज्या काठावरून जाळी ओढतो तिथे लाकडी रूळ बसवला. आणि बोयाला बांधण्यासाठी एक युक्ती केली. एरवी डेन्झिल पुढे पोटावर झोपून बोया पकडायचा. मी नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, एक जाड दोर सगळ्याच्या बाहेरून मागे माझ्या हाताशी आणला, टोकाला आकडा. बोया माझ्या बाजूने जाताना त्याच्या कडीत आकडा टाकायचा आणि शिडं सोडायची, की होडी आपोआप नाकाने बोयाला वळते.

शेवटचा दोर कमरेचा. ती लव्हडेची अट होती. आणि मागच्या अंगाला पाण्यात सोडलेला एक फास, पाय ठेवून वर चढायला.

डेन्झिल रोज संध्याकाळी यायचा, धक्क्यावरून बघायचा आणि खोट काढायचा. "त्या कप्पीचा खिळा लोखंडी आहे. डिसेंबरपर्यंत गंजून तुटेल."

"तुटू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर तंबाखूचा एक जुना डबा होता, त्यात तांब्याचे खिळे. मी ते ठोकले. त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

एक ऑक्टोबरला वायव्येचा वारा होता, आभाळ पांढरं, ओहोटी साडेदहाला लागणार होती. डेन्झिल साडेआठला आला. होडीत उतरून सरळ पुढे गेला, डोलकाठीशेजारी वाऱ्याच्या बाजूच्या फळीवर बसला आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. उजवा त्याने डाव्याने धरून आत सरकवला.

"नाक खाजलं तर?" तो म्हणाला.

"खाजव. कामासाठी नको, एवढंच ठरलंय."

"माझं नाक खाजवणं हेच काम असेल तर?"

"बोलायचं नाही असंही ठरवायला हवं होतं," मी म्हणालो आणि शीड चढवलं.

टर्नअवेअरच्या पट्ट्यावर आमच्यासकट नऊ होड्या होत्या. नऊ वाजता सगळ्यांची जाळी एकदम पडली. एकटा माणूस दोन जाळी ओढू शकतो, पण एकापाठोपाठ एक. मी दांडा कंगव्यात अडकवला, पुढचं शीड उलट्या बाजूला ताणून दातात दाबलं, मोठं सैल सोडलं. सेलिना आडवी झाली आणि शहाण्या गाईसारखी कडेकडेने सरकायला लागली. जाळ्याची दोरी बोटांना सांगत होती, की खाली कालवं आहेत. ती एक कुरकुर असते. ज्याने ऐकली नाही त्याला सांगता येत नाही.

पहिल्या जाळ्यात अकरा आली. मापाच्या तांब्याच्या कड्यातून बघितली, जी आरपार गेली ती लहान म्हणून परत पाण्यात. सात राहिली. दुसऱ्यात नऊ राहिली. दात धरत होते, दोऱ्या झटक्यासरशी सुटत होत्या. वळायला डेन्झिलबरोबर लागायचा त्यापेक्षा जेमतेम मिनिटभर जास्त लागत होता.

जॅका जवळून गेला. "डेन्झिल, राजा झालास का रे? सिंहासनावर बसलायस!"

"राजाला निदान चहा तरी देतात," डेन्झिल म्हणाला.

बारापर्यंत एक पोतं भरून तोंडाला दोरी बांधली होती, दुसऱ्याचा तळ झाकला होता. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. चॅपलमध्ये बास गातो मी, खालच्या पट्टीत. पण डेन्झिल टेनर आहे, वरच्या पट्टीचा, त्याने लगेच सूर लावला असता आणि मग त्याला मदत म्हणायचं की काय, यावर वाद झाला असता.

साडेबाराला पाऊस आला, बारीक, आडवा. पुढे पाण्याचे शिंतोडे उडायला लागले. डेन्झिल उठला, वाकून मागे आला आणि माझ्या शेजारी आडोशाला बसला. "जेवायला हात काढू का?"

"काढ."

त्याने कागदातली मांस-बटाटा भरलेली पेस्टी काढली. लव्हडेने त्याच्यासाठी मोठी केली होती. मी जाळी टाकली.

पुढचं जाळं वर आलं ते हलकं. थोडं शेवाळ, एक खेकडा, दोन लहान कालवं. मला वाटलं, पट्ट्याची कड असेल. पुन्हा वर गेलो, पुन्हा टाकलं. पुन्हा शेवाळ. दोरी हातात धरली तर ती कुरकुरत नव्हती. उड्या मारत होती. जाळं तळाला टेकतच नव्हतं. सेलिना आडवी राहत नव्हती, तिची नाळ वाऱ्याबरोबर ढकलली जात होती, आणि नाळ गेली की शिडं भरत आणि ती पळत सुटे.

जाळ्याची दोरी दोन वाव, म्हणजे बाराएक फूट, जास्त सोडली. काही नाही. दांडा कंगव्यात एक खुंटी इकडे घेतला, एक तिकडे. पुढचं शीड ढिलं केलं, मग ताणलं. काही नाही. आजूबाजूच्या होड्या आपापल्या आडव्या सरकत होत्या, जॅका वाकून ओतत होता, निवडत होता. सव्वा वाजला. मग दीड. चार वेळा गेलो आणि सहा कालवं मिळाली. दुसरं पोतं पाव होतं. तीनला जाळी वर म्हणजे वर, त्यात कुणाचं चालत नाही. दातवाला मला दिसायला लागला, पांढऱ्या पँटमध्ये, हातात इंजिनाची किल्ली.

मी उभा राहून होडीकडे बघितलं, जसा परका माणूस बघेल. नाळ पाण्यातून वीतभर जास्त वर आली होती. आणि मग डोलकाठीशेजारची ती फळी दिसली. सगळी होडी खडबडीत, फक्त ती एक जागा घासून गुळगुळीत, काळी, चकचकीत. चौतीस हिवाळे एक सोळा स्टोनचा, म्हणजे शंभर किलोंचा माणूस तिथे बसला होता. मी त्याच्या हातांच्या जागी दोऱ्या बसवल्या होत्या. तो बसतो कुठे, याचा मी विचारच केला नव्हता. नाळ खाली दाबून धरायची ती त्याच्या वजनाने. सेलिना आडवी सरकायची ती त्याच्यामुळे, आणि सकाळीही तो तिथेच बसला होता.

'पुढे जाऊन बस.' तीन शब्द. जिभेवर आले होते. डेन्झिल पेस्टीचा कोपरा चघळत जॅकाच्या होडीकडे बघत होता, माझ्याकडे मुळीच नाही.

मी ते गिळले आणि बादली उचलली.

आधी कपडे धुवायचं जस्ताचं घमेलं, ज्यात आम्ही कालवं खंगाळतो, ते पायाने पुढे ढकलत त्या फळीसमोर सरकवलं. मग भरलेलं पोतं. ते मी दोन्ही हातांनी फरफटत नेत होतो, आणि कमरेला हिसका बसला. कमरेचा दोर संपला होता. मी तो सुकाणूजवळच्या कामापुरता बांधला होता. डोलकाठीपर्यंत पोचायला तो हातभर कमी पडत होता.

मी गाठीला हात घातला. सोडायची आणि दोन पावलं जायचं, एवढंच.

"हेडली."

एवढंच तो बोलला. मी मागे बघितलं. त्याने पेस्टी खाली ठेवली होती. हात खिशात होते, पण डाव्या खिशातली मूठ कापडातून दिसत होती, आणि तो बसला नव्हता. अर्धवट उठला होता, जसा माणूस उडी घ्यायच्या आधी उठतो.

मी गाठ सोडली नाही. परत मागे गेलो, सुटा दोर शोधला, कमरेच्या दोराला जोडला, नीट, दोनदा ताणून बघितला. त्यात पाच मिनिटं गेली. पाच मिनिटं म्हणजे अर्धी खेप. डेन्झिल परत बसला.

मग पोतं पुढे गेलं. नांगर आणि त्याची साखळी गेली. आमचं तिसरं जाळं गेलं, जे आम्ही उगाच बरोबर ठेवतो. घमेलं बादलीने भरलं, काठोकाठ. पावसातही मला घाम फुटला. मागे येऊन बघितलं तर नाळ बसली होती, पूर्ण नाही, पण बसली होती.

जाळं टाकलं. दोरी धरली. एक क्षण काही नाही, आणि मग बोटांना ती कुरकुर.

बारा कालवं. मापाची आठ.

त्यानंतर मी किती खेपा केल्या ते आठवत नाही. पाठ होती की नव्हती तेही आठवत नाही. तीनला दहा कमी असताना शेवटचं जाळं ओतलं, निवडलं, आणि दुसऱ्या पोत्याचं तोंड बांधता आलं. फार घट्ट नाही. पण बांधता आलं.

"गच्च नाही ते," डेन्झिल म्हणाला.

"बांधलंय."

"बांधलंय खरं."

राहिला बोया. ओहोटीचं पाणी आमच्या जागेवर वेडंवाकडं फिरतं. पहिल्या फेरीला मी जास्त वेगात आलो, आकडा कडीला नुसता लागून टणकन उडाला आणि बोया मागे गेला. डेन्झिलने हात कोपरापर्यंत खिशात कोंबले होते आणि तो आभाळाकडे बघत होता. दुसऱ्या फेरीला मोठं शीड आधीच सोडून दिलं, लहानावर हळू आलो, बोया बाजूला आला, वाकलो, आकडा टाकला. खट्ट. गुडघ्याशी हात नेला, लहान शीड खाली. सेलिनाने वळण घेतलं आणि नाकाने बोयाला जाऊन उभी राहिली. मोठं शीड झोळीत पडलं.

 धक्क्यावरून जॅकाने टोपी हलवली.

"माझे हात बाहेर आले नाहीत," डेन्झिल म्हणाला.

"नाही."

"तू मागितलं नाहीस."

"नाही." मी तिथेच थांबलो असतो, तर सगळं संपलं असतं. पण चौतीस वर्षं ज्याच्याबरोबर एका थर्मासमधून चहा प्यायलो, त्याच्याशी लबाडी जमत नाही. "पण सकाळचं पोतं माझं नाही, डेन्झिल. ते तू तिथे बसला होतास म्हणून भरलं. तू मागे आलास आणि मी आंधळा झालो."

"हो."

"तुला कळलं होतं?"

"एक वाजता. तुला?"

"दीडला."

"वाटलंच. तू शाळेतही मागे होतास."

"मुद्दाम आलास का मागे?"

"पाऊस होता," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कधीच काही कळलेलं नाही, आणि आता कळेल असंही नाही. मग तो म्हणाला, "मी होडीत असताना एकट्याने काम केलं असं होत नाही. हे तुझं म्हणणं की माझं?"

"दोघांचं."

"मग उद्या. उद्या मी येत नाही. उद्याचं बघून ठरवू."

रात्री लव्हडेला सांगितलं. ती म्हणाली, "तोंड बंद ठेवलं असतंस तर?" आणि मग स्वतःच, "नाही, ते तुला जमलं नसतं," असं म्हणून दिवा मालवला.

सकाळी पावणेआठला मी धक्क्यावर गेलो तेव्हा डेन्झिल आधीच होता. ढकलगाडी त्याने डाव्या हाताने आणि पोटाने ढकलत आणली होती, तिच्यात किनाऱ्यावरच्या गोट्यांनी भरलेली लहान लहान पोती. आठ.

"हे काय?"

"मी," तो म्हणाला. "काल संध्याकाळी व्यापाऱ्याकडे गेलो. कालवं तोलायच्या काट्यावर बसलो. हसून हसून त्याला खोकला लागला. सोळा स्टोन दोन पौंड. दोन-दोन स्टोनची आठ पोती, डाव्या हाताने उचलता येतील एवढीच. तुझा हात मोडला तरी अडायला नको. वाऱ्याची बाजू बदलली की एकेक करून इकडून तिकडे फेकायची."

मी पोती मोजली, जरी तो मोजण्यात चुकत नाही हे मला माहीत होतं. "आठ म्हणजे सोळा स्टोन झाले. वरचे दोन पौंड?"

त्याने कोटाच्या आतून कागदात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं आणि आपला थर्मास. हात खिशातून बाहेर आलेला मी बघितला. तोही बघत होता की मी बघतोय.

"हे. आणि आडोशाला मागे बसून खाऊ नकोस," तो म्हणाला. "पुढे बसून खा. भिजलास तर भीज."

"मग दातवाल्याचं?"

"लव्हडे सकाळीच त्याला नकाराचं पत्र टाकायला गेली. काल रात्रीच मी तुमच्या दाराखालून तिला चिठ्ठी सरकवली होती. तू घोरत होतास."

पोती आम्ही दोघांनी मिळून होडीत उतरवली. त्यावर त्याने काही हरकत घेतली नाही. मी शीड चढवलं, आकडा सोडला आणि एकटा निघालो. धक्क्यावर तो बराच वेळ उभा होता, मग होड्या बांधायच्या बुटक्या खांबावर बसला.

दुपारी साडेबाराला जाळी तळाला होती, होडी आडवी सरकत होती. मी दांडा कंगव्यात अडकवला, कमरेचा दोर धरून पुढे गेलो आणि गोट्यांच्या पोत्यांशेजारी, त्या गुळगुळीत फळीवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. तिथून होडी वेगळी दिसते. मागे सुकाणूपाशी कुणी नव्हतं, दांडा खुंट्यांमध्ये थोडा थोडा हलत होता, आणि जाळ्याची दोरी रुळावर कुरकुरत होती. तिथे बसून मी पेस्टी खाल्ली. शिंतोडे येत होते. थर्मासमध्ये त्याने साखर जास्त घातली होती.